पांडाचा भिंतीवरचा तक्ता: चित्रं झकास, आकडे तपासून घ्या

तालुक्याच्या स्टेशनरी दुकानात मिळणारा हा लॅमिनेटेड तक्ता जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी घ्यायला हरकत नाही. फक्त टांगण्याआधी दोन चिठ्ठ्या चिकटवा. 'संकटग्रस्त' हा शिक्का जुना आहे. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने २०१६ मध्येच पांडाला 'असुरक्षित' या एक पायरी कमी धोक्याच्या गटात आणलं. संख्येपुढे १,८६४ लिहा: चीनच्या चौथ्या गणनेचा आकडा, दीड वर्षाखालची पिल्लं सोडून, सिचुआन, शाआन्शी आणि गान्सू हे तीन प्रांत मिळून.

खाण्याचा भाग मात्र फक्कड. आतडं मांसाहारी प्राण्याचं, खाणं बांबूचं. पचतं थोडंच, म्हणून दिवसाला १२ ते ३८ किलो लागतो. मनगटाचं वाढलेलं हाड अंगठ्यासारखं वापरून कांडी कशी धरतो, ते चित्रात स्पष्ट दिसतं. वास्त्याची भाजी खाणाऱ्या गडचिरोलीच्या पोरांना कोवळ्या कोंबांची गोडी वेगळी सांगायला नको!

उणीव एकच, पण मोठी. बांबू फुलला की अख्खं रान वाळतं. पांडाला मग दुसऱ्या जातीच्या बांबूकडे सरकावं लागतं आणि मधे रस्ता किंवा शेती आली की तो अडतो. जंगलं जोडणारे पट्टे त्यासाठीच, आणि तक्त्यात नेमके तेच नाहीत.

टिनाच्या छपराखाली मे महिन्यात कडा सुटतात. चारी बाजूंनी रुंद चिकटपट्टी मारा.