वाघ पाळायचाय का मेन कून, बेंगाल, गावठी मांजर? गोव्यात राहून ठरवताना

दुबईचे सिंहाच्या पिल्लासोबतचे रील्स बघून आपल्या म्हापसा-फोंड्याच्या पोरांनाही असं काहीतरी घरी हवं असं वाटतं, आणि ती ओढ मला कळते, जनावरच तेवढं देखणं आहे. पण त्याच यूएईने २०१६ च्या कायद्याने असे प्राणी घरी ठेवायला बंदी घातलीय, ते रीलमध्ये कोणी सांगत नाही.

आपल्याकडे वाघ, बिबट्या, सिंह १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहेत, घरी ठेवलात तर ३ ते ७ वर्षं जेल. सत्तरी-सांगेच्या बागायतीत एकटं पिल्लू दिसलं तरी उचलायचं नाही, आई बहुतेक वेळा जवळपासच असते, फॉरेस्टवाल्यांना कळवायचं आणि लांब राहायचं.

आता कायदा बाजूला ठेवून नुसती जबाबदारी बघा. मोठा वाघ दिवसाला ८-१० किलो मटण-बीफ खातो, झूमध्ये आठवड्याला एक उपास धरला तरी वर्षाला अडीच-तीन टन होतं, आणि ते १५-२० वर्षं. नुसतं बोनलेस घालून पिल्लू वाढवलं तर कॅल्शियमअभावी हाडं वाकतात, मोडतात. जागेचं म्हणाल तर झूच्या नियमात वाघाच्या जोडीला किमान १००० चौरस मीटर मोकळी जागा लागते, आपण घर बांधायला ३००-४०० मीटरचा प्लॉट घेतो! झूमध्ये पिंजरा धुतात तेव्हा बघा, आधी जनावर आतल्या खोलीत, सरकता दरवाजा खाली, कुलूप ओढून बघायचं, मगच माणूस आत. लहानपणापासून सांभाळणारा माणूससुद्धा हे चुकवत नाही. आणि दात दुखला तरी भुलीचं इंजेक्शन, ते देणारा डॉक्टर तुमच्या गल्लीत नाही.

म्हणजे खरी निवड उरते ती घरातल्या मांजरात. बिबट्यासारखे ठिपके हवे असतील तर बेंगाल, हे वाघाटी आणि घरातल्या मांजराच्या क्रॉसमधून आलंय. दिसायला जबरदस्त, पण त्याला दिवसभर चढायला, उड्या मारायला, पाण्यात खेळायला लागतं, फ्लॅट बंद करून ऑफिसला गेलात तर पडदे आणि शेजारी दोघेही वैतागतील. पहिल्या चार पिढ्यांना साईट्सचे (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) नियम लागतात, म्हणून पिढी विचारा, कागद बघा, आणि विकणारा टाळाटाळ करायला लागला तर तिथूनच परत या.

मोठा आकार हवा असेल तर मेन कून, नर ६-८ किलोचा, काही त्याहून मोठे. स्वभावाने शांत. पण ही थंड मुलखातली जात, अंगावर दाट केस, आणि आपला जून ते सप्टेंबर म्हणजे चार महिने ओल. रोज विंचरलं नाही तर काखेत आणि पोटाखाली गुठळ्या होतात, त्याखाली कातडी ओली राहून फंगस, आणि लाईट गेली की एसी गेला. शिवाय या जातीत हृदयाचा आजार आनुवंशिक असतो, आईबापांचा इको (हृदयाची सोनोग्राफी) झालाय का ते विचाराच. मला विचाराल तर पणजीच्या वन बीएचकेसाठी मी मेन कून सुचवणार नाही, म्हापशाच्या जुन्या घरात हवेशीर ओसरी असेल, घरात दिवसभर कोणीतरी असेल तर विचार करा.

गावठी मांजर, तेही दोन भावंडं एकत्र, हे मला सगळ्यात पटतं. हवा मानवते, पेडिग्रीचा खर्च नाही. साधारण पाचव्या महिन्यात ऑपरेशन, लसीकरण, गोचिडावर औषध, बाकी मासळीचा वास आला की ती स्वतःच हजर.

आणि मन वाघातच अडकलं असेल तर बोरिवलीचं नॅशनल पार्क किंवा मैसूर झू यांच्या दत्तक योजना आहेत, वर्षाचे पैसे भरायचे, त्यातून त्याच्या खाण्या-औषधाला हातभार लागतो, आणि पिंजऱ्यात जाणारा माणूस शिकलेला असतो. हात लावायला मिळत नाही, पण जनावर धड राहतं, माझ्या हिशोबात हा पर्याय पिल्लासोबतच्या फोटोपेक्षा खूप वर आहे.