अनोळखी नावाचा महागडा गोल्फ चेंडू

फारशा परिचित नसलेल्या एका कंपनीचा तीन थरांचा, युरेथेन (एक मऊ, लवचीक प्लास्टिक) आवरणाचा चेंडू मी पुण्यात तीन फेऱ्या खेळून पाहिला. नियमानुसार चेंडूचे वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. त्यामुळे प्रथम डझनभर चेंडू तोलून पाहिले, तेव्हा सगळे मर्यादेत भरले. मग ते दाट मिठाच्या पाण्यात तरंगत ठेवून वर येणाऱ्या ठिकाणी खूण केली आणि पुन्हा पुन्हा फिरवले (घरच्यांनी याकडे कोणत्या नजरेने पाहिले, ते सांगत नाही). दोन चेंडूंची तीच बाजू दर वेळी वर आली, म्हणजे त्यांचा गुरुत्वमध्य सरकलेला होता. या किमतीला ही चूक मला मान्य नाही.

ड्रायव्हरने (लांब फटक्यांसाठीच्या काठीने) मारल्यावर माझ्या नेहमीच्या चेंडूच्या तुलनेत अंतरात फरक जाणवला नाही. खरी गंमत ग्रीनजवळ, म्हणजे छिद्राभोवतालच्या बारीक कापलेल्या हिरवळीजवळ आहे. मऊ युरेथेनमध्ये वेजच्या (जवळच्या, उंच फटक्यांसाठीच्या काठीच्या) खाचा नीट रुतत असल्याने चेंडूला भरपूर फिरकी मिळते, आणि पन्नास यार्डांवरून मारलेला फटका एक उसळी घेऊन जागीच थबकतो, जे सर्लिनच्या कठीण आवरणाच्या स्वस्त चेंडूंकडून सहसा साधत नाही. पटिंगचा (ग्रीनवर चेंडू हलकेच छिद्राकडे ढकलण्याचा) आवाज मंद आहे आणि मला तो आवडला. मात्र बंकरमधील (वाळूच्या खड्ड्यातील) दोन फटक्यांनंतर आवरणावर स्पष्ट ओरखडे उमटले. ज्यांचे चेंडू वारंवार पाण्यात जातात, त्यांनी हा खर्च करू नये.