लिज्जतचा उडीद पापड: भाजणी, सादळणं आणि पाकिटामागचा रोख हिशोब

आधी पापडाचं बोलू. लिज्जतचा उडीद पापड पातळ असतो, मिरीचा झणका लाल तिखटासारखा जिभेवर बसत नाही, घशाशी जाणवतो. हिंग आहे, पापडखारही कळतो. घरच्या उन्हाळी पापडाच्या मानाने मीठ थोडं पुढे. मुगाच्या खिचडीबरोबर छान, पण पानात लोणचं असेल तर एकच घ्यावा.

भाजताना घोळ होतो तो कडांचा. मध्यभागी आच लागली की पापड वळतो, कडा आत जातात आणि कच्च्या, चिवट राहतात. म्हणून मध्यम आचेवर चिमट्याने आधी कडा फिरवून घ्यायच्या, मग मधला भाग. हात थांबू द्यायचा नाही. तळताना तेलात छोटा तुकडा टाकून बघावा, लगेच फुलून वर आला तरच पापड सोडावा. तेल कोमट असेल तर पापड तेल पितो, धुरावलं असेल तर लाल होऊन कडवट लागतो. मुंबईच्या पावसाळ्यात उघडं पाकीट हमखास सादळतं, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा हवाच. नुसता मऊ पडलेला पापड उन्हात ठेवून सुधारतो. बुरशीचा ठिपका दिसला तर टाकून द्या.

आता पाकिटामागचं. 15 मार्च 1959 ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जतची सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. कामाची पद्धत अशी: सभासद बायकांनी भिजवलेलं पीठ सकाळी संस्थेच्या केंद्रातून न्यायचं, घरी लाटायचं, उपड्या बांबूच्या टोपलीवर वाळवायचं, दुसऱ्या दिवशी परत द्यायचं. तिथे पापड तपासले जातात आणि लाटणावळ हातात पडते. शिक्षणाची अट नाही. सभासद फक्त बायका; पुरुष पगारावर ठेवता येतात, मालकीत नाहीत. नफ्यातही वाटा सभासदांचाच.

पापड बायका आधीही लाटतच होत्या, घरात आणि फुकट. त्याच कामाचं वजन होऊन पैसे तिच्या हातात आले, भाजीपाल्याच्या हिशोबात न मुरता, हा खरा फरक. मुलीची फी भरताना कोणाचं तोंड बघावं लागत नाही, ही काय लहान गोष्ट आहे? पण काम घरीच असल्याने चूल आणि पोरं त्याच वेळात सांभाळावी लागतात, नवऱ्याने पोळपाट उचलला असं क्वचितच घडतं. चाळीतल्या एका खोलीत टोपली ठेवायची कुठे, हा प्रश्नही आहेच. खाली बसून लाटताना कंबर आणि खांदे भरून येतात ते वेगळंच. बाहेर पडून नोकरी करणारीला मिळणारी मोकळीक यात नाही, असं माझं मत.

घेताना पाकीट हलवून तुकड्यांचा आवाज येतो का पाहा, तारीख बघा. मिळत्याजुळत्या नावारंगाची पाकिटंही दुकानात असतात, तेव्हा ‘श्री महिला गृह उद्योग’ हे लिज्जतच्या संस्थेचं नाव वाचूनच पैसे द्या.