रस्ता ओलांडायचं बटण: खरंच चालतं की नुसतं मनाचं समाधान? (इंग्लंडमधल्या सिग्नलच्या बटणांचा रिव्ह्यू)

उत्तर आधीच देऊन टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी वाचून पुढे जावं. हो, बटण चालतं. सगळीकडे नाही, सगळ्या वेळी नाही, आणि दहा वेळा दाबलं म्हणून लवकर तर अजिबातच नाही.

इकडे नवीन आलेली आपली माणसं दोन प्रकारची. एक म्हणतात की हे सगळं नाटक आहे, सिग्नल त्याच्या वेळेलाच बदलतो, बटण फक्त लोकांना गप्प उभं करायला लावलंय. दुसरी ती जी खटाखट खटाखट दाबत सुटतात, मागून येणारा प्रत्येक जण परत दाबतो, दिवा पेटलेला दिसत असूनसुद्धा. माझा नवरा दुसऱ्या गटातला, स्वतः इंजिनिअर आहे तरी. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं, स्टार वगैरे देऊन.

साध्या रस्त्यावरचं, म्हणजे चौक नसताना मधेच असलेलं क्रॉसिंग: ५ पैकी ५

इथे बटण नसेल दाबलं तर हिरवा माणूस, म्हणजे पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा, येतच नाही, विषय संपला. गाड्यांना कायम हिरवा असतो, तुम्ही दाबलं की 'वेट' असा दिवा लागतो आणि सिग्नल चालवणाऱ्या कंट्रोलरमधे तुमची मागणी नोंदवली जाते. हे बँकेत टोकन घेतल्यासारखं आहे बघा, एकदा घेतलं की नंबर लागला, मशीनवर बुक्क्या मारून पुढचा नंबर तुमचा होत नाही. मग लगेच का बदलत नाही? तर आत्ताच कोणीतरी ओलांडून गेलं असेल तर गाड्यांना एक ठरलेला किमान वेळ द्यावाच लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी रस्त्यात किंवा खांबावर सेन्सर असतात जे गाड्यांच्या रांगेत फट पडायची वाट बघतात, फट पडली की बदल, नाहीच पडली तर एक कमाल मर्यादा असते ती संपली की बदल. म्हणून रात्री उशिरा रस्ता मोकळा असताना दाबा, जवळपास लगेच गाड्यांचा पिवळा लागतो. हे करून बघा एकदा, राजा असल्यासारखं वाटतं. आणि सकाळी ऑफिसच्या गर्दीत तेच बटण मेलेलं वाटतं, कारण फटच पडत नाही.

ते तीनदा पटापट आणि मग दोनदा दाबून धरायचं वगैरे जे गुप्त कोड फिरतात ना व्हॉट्सअपवर, ते सोडून द्या. टोकन एकच.

चौकातलं बटण: ५ पैकी ३

इथे खरा घोळ आहे आणि 'नाटक आहे' म्हणणाऱ्यांचा थोडा मुद्दा इथे बरोबर आहे. मोठ्या शहरांत चौक एकमेकांना जोडलेले असतात, 'स्कूट' नावाची सिस्टिम आहे, ती रस्त्यातल्या सेन्सरवरून गाड्या मोजून सगळ्या चौकांचं वेळापत्रक सतत थोडं थोडं बदलत असते. अशा काही चौकांत दिवसा पायी चालणाऱ्यांचा नंबर सिग्नलच्या प्रत्येक फेरीत आपोआप लावलेला असतो, तुम्ही दाबा नाहीतर नका दाबू. दिवा मात्र 'वेट' म्हणून पेटतो, म्हणजे तुम्हाला वाटतं आपलं ऐकलं! रात्री तेच बटण परत कामाला लागतं. आणि काही चौकांत चोवीस तास बटण लागतंच, नाही दाबलं तर अख्खी फेरी तुमच्याशिवाय निघून जाते. बाहेरून बघून कोणतं कसलं हे ओळखता येत नाही, दोन स्टार त्याचेच कापले. त्यामुळे सरसकट एकदा दाबायचं, फुकट आहे.

अजून एक, जे लोकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही पोचायच्या दोन सेकंद आधी पायी लोकांची पाळी होऊन गेली असेल तर पूर्ण फेरी थांबावं लागतं. त्यात बटणाचा दोष नाही पण शिव्या त्यालाच बसतात. एक मात्र चांगलं, इथे हिरवा माणूस असताना त्या पट्ट्यावरून कुठलीही गाडी वळून येत नाही, अमेरिकेत वळणाऱ्या गाड्या अंगावर येतात तसं नाही.

अमेरिकेवरून आठवलं. बटणं खोटी असतात ही समजूत जगभर पसरली त्याला न्यूयॉर्कचा मोठा हात आहे. तिथे सिग्नल कॉम्प्युटरवर गेले आणि ८० च्या दशकाच्या शेवटापर्यंत बहुतेक बटणं बंद करून टाकली, पण खांबावरून काढलीच नाहीत. २००४ मधे पेपरात आलं की सव्वातीन हजारांच्या आसपास बटणांपैकी अडीच हजारांहून जास्त काहीच करत नव्हती. लोक इतकी वर्षं दाबत होते! त्याला मी शून्य स्टार दिले असते, निदान एक पाटी तरी लावा. पण न्यूयॉर्कचं पाप इथल्या डब्यावर कशाला?

पफिन: आयडिया ५, प्रत्यक्षात ३

इकडे क्रॉसिंगना पक्ष्याप्राण्यांची नावं द्यायची हौस आहे. झेब्रा, पेलिकन, पफिन, टूकन. घोडेस्वारांसाठी पेगासस पण आहे, त्याचं एक बटण उंचावर असतं म्हणजे घोड्यावरून न उतरता दाबता यावं, लंडनला हाइड पार्क कॉर्नरला बघायला मिळतं. पेलिकन १९६९ पासूनचं, त्यात शेवटी हिरवा माणूस लुकलुकतो आणि गाड्यांना पिवळा लुकलुकतो. पफिन नंतरचं, ९० च्या दशकातलं, आणि हुशार. वर सेन्सर असतो. तुम्ही दाबून निघून गेलात, किंवा गाडी नाही बघून तसेच पळालात, तर ते मागणी रद्द करतं, म्हणजे नंतर रिकाम्या रस्त्यावर गाड्या उगाच थांबत नाहीत. आणि कोणी हळू चालत असेल तर गाड्यांचा लाल थोडा लांबवतं. माझी आई गुडघ्यामुळे हळू चालते, तिच्यासाठी हे सोन्यासारखं, कारण साधा हिशोब इथे बरीच वर्षं चालण्याच्या वेगाचा, सेकंदाला १.२ मीटरचा धरत आलेत आणि तो वेग तिला काही झेपत नाही.

मग स्टार का कापले? कारण पफिनमधे तो लाल-हिरवा माणूस समोरच्या बाजूला नाही, तुमच्याच बाजूला बटणाच्या डब्यावर कमरेच्या उंचीला असतो. कल्पना अशी की तुम्ही डब्याकडे बघताना येणाऱ्या गाड्याही दिसाव्यात. पण पाच माणसं आणि एक बाबागाडी समोर उभी राहिली की डबाच दिसत नाही, आणि एकदा रस्त्यात उतरलात की समोर काहीच नाही, हिरवा आहे का गेला कळायला मार्ग नाही. आई मधेच थांबून मागे वळून बघायला लागली, मी म्हटलं अगं चल, मशीनला तू दिसतेयस. तिला काही पटलं नाही. तिचं म्हणणं, लक्ष्मी रोडला हात दाखवून चाललं की झालं, इथे एवढं कशाला. झेब्रावर ती अजून हात दाखवूनच उतरते आणि गाड्या थांबतात, तिला वाटतं हाताला थांबल्या. (इथला पहिला झेब्रा १९५१ मधे स्लाउला रंगवला, त्याला बटण नाहीच.)

डब्याखालचा खिळा: ५ पैकी १० द्यायला हवेत

हे बहुतेकांना माहीतच नसतं. डब्याच्या तळाशी, बहुतेक उजव्या बाजूला, बोट घालून चाचपा. एक छोटा शंकू लागतो, पेराएवढा, कडेला खाचा असलेला. एरवी तो गप्प असतो. हिरवा माणूस लागला की तो बोटांत गोल गोल फिरायला लागतो आणि हिरवा गेला की थांबतो. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना दिसतही नाही ऐकूही येत नाही त्यांच्यासाठी तर तोच एक आधार, नॉटिंगहॅम युनिव्हर्सिटीत ८० च्या दशकात त्यावर काम झालं. मग बीप का नाही सगळीकडे? तर जिथे दोन क्रॉसिंग जवळजवळ असतात तिथे बीप कोणत्याची ते कळणार नाही आणि माणूस चुकीच्या रस्त्यात उतरेल, शिवाय वस्तीत रात्री बीप बंद ठेवतात. शंकूला यातलं काही आड येत नाही. प्रत्येक डब्याला असतोच असं नाही, कधी कोणीतरी त्यात च्युइंगगम पण कोंबलेलं असतं, काय म्हणायचं या लोकांना.

मी तर आता ऊन डोळ्यावर असेल किंवा पुढे गर्दी असेल तर सरळ शंकूवर बोट ठेवून उभी राहते. भाचा आला होता सुट्टीत, त्याला दाखवला तर पुढच्या प्रत्येक सिग्नलला आधी खाली हात.

शेवटची एक गोष्ट आणि याच्यावरून रोज कोणीतरी अडकलेलं बघते. रुंद रस्त्याला मधे बेट असतं आणि क्रॉसिंग दोन तुकड्यांत असतं, समोरासमोर नाही, थोडं सरकवलेलं. पहिला तुकडा ओलांडून लोक बेटावर येतात आणि शांतपणे उभे राहतात, त्यांना वाटतं मगाशी दाबलंय की. ते पलीकडच्यासाठी नव्हतं, बेटावरचं बटण वेगळं, ते परत दाबा. नाहीतर मागून तुमच्यासारखाच कोणीतरी येऊन दाबेपर्यंत तिथेच थांबाल.