लिक्विड कूलर घेऊन विमानप्रवास: हातातल्या बॅगेत, चेक-इन सामानात की रेल्वेने?

इंदूरहून नोकरीसाठी पुण्याला, बेंगळुरूला किंवा शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या आणि स्वतः जुळवलेला संगणक सोबत न्यायचा असलेल्या माणसाला मॉनिटर आणि कॅबिनेट यांची फारशी काळजी नसते, कारण ते मागाहून मागवता येतात किंवा तिकडे नवे घेता येतात. घोडे अडते ते लिक्विड कूलरपाशी, म्हणजे नळ्यांतून द्रव फिरवून प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या भागापाशी. त्यात द्रव असतो, तो किती आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि विमानतळावरच्या तपासणीत हाच मुद्दा निर्णायक ठरतो.

गळतीची भीती मात्र बहुतेकांना गरजेपेक्षा जास्त वाटते. उडत्या विमानात केबिनमधला दाब साधारणपणे फार तर ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका, म्हणजे समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारे तीन चतुर्थांश इतका उतरतो, आणि प्रवासी विमानांत सामानाच्या कप्प्यातही जवळपास तोच दाब असतो. शेवेची पाकिटे घेऊन प्रवास करणाऱ्या इंदूरकरांना हा फरक फुगलेल्या पाकिटांवरून ठाऊक आहेच. कारखान्यात भरून बंद केलेला कूलर, ज्याला ‘एआयओ’ म्हणतात, तो एवढा फरक सहज सोसतो. स्वतः नळ्या जोडून केलेल्या कस्टम लूपचे तसे नाही. त्याच्या टाकीतली हवा प्रसरण पावते आणि एखादे फिटिंग किंचित सैल असले तरी तेथून कूलंट, म्हणजे आतला द्रव, बाहेर ढकलते. त्यामुळे भरलेला कस्टम लूप विमानात न्यायचा नाही, एवढे आधीच ठरवून टाकावे आणि मगच उरलेल्या पर्यायांचा विचार करावा.

देशांतर्गत प्रवास असेल तर सीलबंद एआयओ हातातल्या बॅगेत नेणे मला अधिक बरे वाटते. ३६० मिलिमीटरचा रेडिएटर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी पात्यांची जाळी, प्रत्यक्षात सुमारे ४० सेंटिमीटर लांब असतो आणि ५५ सेंटिमीटरच्या केबिन बॅगेत तो उभा बसतो. खरी ओढाताण होते ती ७ किलोच्या मर्यादेत, कारण ग्राफिक्स कार्ड आणि मदरबोर्डही त्याच बॅगेत घालण्याचा मोह होतो. देशांतर्गत तपासणीत पाण्याची बाटलीही सहसा सोडली जाते, त्यामुळे केवळ द्रव आहे म्हणून कूलर अडण्याची शक्यता कमी. तो अडतो ते ओळखू न आल्यामुळे. एक्स-रेच्या पडद्यावर तांबे-पोलादासारखा धातू निळसर आणि द्रव किंवा प्लॅस्टिक नारिंगी दिसते. एआयओमध्ये दाट पात्यांची जाळी, त्यातून निघालेल्या दोन जाड नळ्या आणि टोकाला वायरी असलेला गोल पंप असे सगळे एकावर एक आलेले असते. तपासणाऱ्या जवानाने बॅग उघडायला लावली तर त्यात त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. कूलर आधीच वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावा, त्यावरचे पंखे काढून ठेवावेत आणि मूळ खोका नसला तरी त्याचे माहितीपत्रक हाताशी असावे. अंतिम निर्णय त्या जवानाचाच असतो, हे धरूनच चालावे.

आंतरराष्ट्रीय प्रवासात पारडे फिरते. लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रव स्फोटके नेण्याचा कट २००६ मध्ये उघडकीस आल्यानंतर हातातल्या सामानात प्रत्येक भांड्याला १०० मिलिलिटरची मर्यादा आली, आणि ती आतल्या द्रवाला नव्हे, तर भांड्याच्या क्षमतेला लागू होते. एआयओवर क्षमता छापलेली नसते, त्यामुळे वाद घालण्याजोगे आपल्याकडे काही उरत नाही. शिवाय इंदूरला निर्वेध सुटलेला कूलर मुंबई किंवा दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय तपासणीत अडू शकतो, आणि तोवर मोठी बॅग चेक-इन होऊन गेलेली असते. परदेशी जाताना म्हणूनच एआयओ चेक-इन सामानात टाकावा: पंपाभोवती फोम, नळ्यांना तीव्र वळण नाही, आणि रेडिएटर कपड्यांच्या मधोमध. आदळआपट होतेच, आणि नाजूक वस्तूंच्या नुकसानीची जबाबदारी विमान कंपन्या सहसा घेत नाहीत. तरीही तपासणी नाक्यावर कूलर सोडून द्यावा लागण्यापेक्षा हा धोका मला परवडणारा वाटतो.

कस्टम लूप पूर्ण रिकामा केला, तर तो हातातही नेता येतो. मात्र ‘रिकामा’ या शब्दात बरेच काम आहे. वॉटर ब्लॉकच्या, म्हणजे प्रोसेसरवर बसणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, केसासारख्या बारीक खाचांमध्ये आणि रेडिएटरच्या कोपऱ्यांत कूलंट रेंगाळत राहते. डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, वेगवेगळ्या बाजूंनी कलते करून, तोंडे उघडी ठेवून एक-दोन दिवस सुकू द्यावे आणि मगच बुचे लावावीत. उरलेली कूलंटची बाटली सोबत नेऊ नये, तिकडे नवी घ्यावी. स्क्रूड्रायव्हर चेक-इनमध्ये जातो. सफाईसाठीचे आयसोप्रोपिल अल्कोहोल ज्वालाग्राही असल्यामुळे घरीच राहते.

नुसत्या पंख्याच्या हवेने प्रोसेसर थंड करणाऱ्या एअर कूलरला यातले काहीच लागत नाही. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ पंख्यांसह सुमारे १.३ किलो भरतो आणि १६.५ सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे तो जागा खातो, पण प्रश्न विचारले जात नाहीत. गंमत अशी, की त्याच्या तांब्याच्या हीट पाइपांतही सहसा थोडे पाणी असतेच. ज्याला वर्षातून चार वेळा संगणक हलवावा लागतो, त्याने लिक्विड कूलरचा नाद सोडलेला बरा.

पुण्यालाच जायचे असेल तर विमानाचा हट्ट कशाला? इंदूरहून रात्रभरात पुण्याला पोहोचणारी गाडी आहे, तीत ७ किलोची अट नाही आणि आख्खे कॅबिनेट बर्थखाली मावत असेल तर काहीच सोडवावे लागत नाही. भरलेल्या कस्टम लूपसाठी हाच एक मार्ग मी सुचवेन. स्लीपर बसमध्ये मात्र सामान डिकीत जाते आणि सेंधव्याच्या घाटातली वळणे व धुळ्यापर्यंतचे धक्के काचेच्या कॅबिनेटला मानवणारे नाहीत.

एआयओ पाच-सहा वर्षांचा झाला असेल, तर नेण्याचा खटाटोपच करू नये. नळ्यांच्या रबरातून द्रव वर्षानुवर्षे सूक्ष्म प्रमाणात उडत राहतो, कंपन्यांची वॉरंटीही साधारण एवढीच असते, आणि प्रवासात उलटासुलटा झालेला जुना पंप आत साठलेल्या हवेमुळे कुरकुरू लागतो. असा कूलर इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधल्या संगणक बाजारात जे मोल मिळेल त्याला देऊन टाकावा आणि प्रोसेसर, रॅम व एसएसडी तेवढे हातातल्या बॅगेत घालून निघावे.