शब्दकोडं, स्क्रॅबल की वर्डल: दहा वर्षांच्या मुलासाठी काय निवडाल?

मे महिन्याची सुट्टी लागली की कोथरूडच्या आमच्या सोसायटीत हा प्रश्न हमखास निघतो. मूल इंग्रजी शाळेत आहे, मोबाइल हातातून सुटत नाही, निदान शब्दांचा एखादा खेळ तरी लावून द्यावा, पण कोणता? पाचवीतल्या माझ्या भाचीबरोबर मी यातले बहुतेक खेळ खेळले आहेत, म्हणून माझं मत आधीच सांगते. शब्दसंपत्ती वाढवायची असेल तर शब्दकोडं घ्या, तेही मराठी. अक्षरांच्या रचना ओळखणारी नजर तयार करायची असेल तर वर्डल किंवा स्क्रॅबल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक पालक इथेच गल्लत करतात.

इंटरनेटवरच्या वर्डलचं आधी सांगते, कारण ते फुकट आहे आणि पाच-दहा मिनिटांत संपतं. जॉश वॉर्डल यांनी २०२१ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतलं. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ओळखायचा, सहा प्रयत्न. अक्षर जागेवर असेल तर हिरवं, शब्दात असूनही जागा चुकली असेल तर पिवळं, नसेलच तर करडं. एकदा भाचीची शेवटची चार अक्षरं जुळली: ओ, यू, एन, डी. ती राउंड, साउंड, पाउंड असं एकेक टाकत गेली आणि प्रयत्न संपले. नंतर आम्ही कागदावर मांडलं, तर असे आठ शब्द निघाले. मग तिला दाखवलं की मध्येच ‘फ्रम्प’ टाकला असता तर एफ, आर, एम, पी ही चारही अक्षरं एका फटक्यात तपासून झाली असती. शक्यता अशा छाटत न्यायला वर्डल फार छान शिकवतं. पण ‘फ्रम्प’ म्हणजे काय, हे माहीत असण्याची तिथे गरजच पडत नाही.

स्क्रॅबलचंही तेच, फक्त मोठ्या पटावर अक्षरांच्या सोंगट्या मांडून. १५ बाय १५ घरं, १०० सोंगट्या, प्रत्येकाच्या हातात सात. सातही एका डावात लावल्या तर ५० गुण जास्त. चौघं एकत्र बसतात, दुप्पट-तिप्पट गुणांचा हिशेब तोंडी होतो, हे मला मनापासून आवडतं. पण हे लक्षात ठेवा: न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. शब्दांची यादी त्यांनी पाठ केली होती. रचना ओळखण्याची ताकद म्हणून हे थक्क करणारं आहे, पण भाषा येणं वेगळं.

शिवाय हा साचा मराठीत सहज बसत नाही. आपलं एकक सुटं अक्षरचिन्ह नसून काना-मात्रेसकट अक्षर आहे. ३४ व्यंजनं गुणिले बाराखडीची १२ रूपं म्हणजे ४०८ सोंगट्या झाल्या, आणि जोडाक्षरं अजून बाजूलाच आहेत. शब्दकोड्याला ही अडचण येत नाही. एका चौकोनात अख्खं अक्षर वेलांटी-उकारासकट बसतं, आणि आडवा व उभा शब्द तिथे मात्रेपर्यंत जुळावा लागतो.

गेल्या रविवारी आमच्याकडे सूचना आली: ‘धान्य पाखडण्याचे साधन (२)’. उभ्या शब्दाची सूचना होती ‘एक कडधान्य (३)’, मसूर. त्यातला ‘सू’ आधीच भरलेला. भाची म्हणाली, “आजी, सूप? पण ते तर टोमॅटोचं असतं ना?” माझ्या आईने माळ्यावरून सूप काढायला लावलं आणि दोन मुठी तांदूळ पाखडून दाखवले. कोंडा पुढे उडतो, खडे मागे राहतात. मग ओघाने जातं आलं, आणि ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ ही म्हणही. भाचीने लगेच विचारलं, सूप दीर्घ तर ‘सुपातले’ ऱ्हस्व का? सामान्यरूप होताना तो उकार ऱ्हस्व होतो, हे तिला पुस्तकातून कधीच कळलं नसतं. दोन चौकोनांत एवढं सगळं. यासाठीच मी शब्दकोड्याला पहिला क्रमांक देते.

त्याची एक अट मात्र आहे: शेजारी मोठं माणूस हवं. एकटं मूल सूचनाच न कळल्याने दहा मिनिटांत कंटाळतं. तेवढा वेळ नसेल तर भेंड्या खेळा, अगदी स्वारगेटच्या बसमध्येसुद्धा. शेवटी ‘ळ’ आला की ‘ल’ घ्यायचा, कारण मराठी शब्द ‘ळ’ने सुरू होत नाही, हे मूल खेळता खेळता शिकतं. नवे शब्द मात्र समोरच्याला येत असतील तेवढेच मिळतात.

अ‍ॅप घेणार असाल तर आधी स्वतः चार कोडी सोडवा. मी उतरवलेल्या एका अ‍ॅपमध्ये ‘विहीर’ लिहिलं की चूक आणि ‘विहिर’ बरोबर ठरत होतं. ‘विहिरीत’मधली ऱ्हस्व वेलांटी मूळ शब्दाला चिकटवलेली! नुकतं शुद्धलेखन शिकणाऱ्या मुलाच्या हाती असं काही देऊ नका. अडलं तर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात.

छापील पुस्तक घ्यायचं तर मुलाला घेऊनच अप्पा बळवंत चौकात जा. मधलं कुठलंही पान उघडा आणि दहा सूचना वाचून दाखवा. तीन-चार आल्या तर घ्या. आठ आल्या तर ते त्याच्यासाठी सोपं आहे, एकही आली नाही तर सध्या राहू द्या. आणि उत्तरं शेवटी एकत्र असलेलं पुस्तक बघा. त्याच पानाखाली उलटी छापलेली असली की मुलं मान वाकडी करून वाचतातच.