विनाब्रँड क्वार्ट्झ क्युव्हेट: प्रोजेक्टला चालतो, लेसरला नाही

क्युव्हेट म्हणजे द्रावण भरून त्यातून प्रकाश सोडायची चौकोनी नळी, तिलाच सेल म्हणतात. ऑनलाइन मिळणारी ही जोडी १० मिमी पथाची (प्रकाश द्रावणातून जातो तेवढं अंतर), प्रत्येकी ३.५ मिलीची. दोन बाजू पारदर्शक, दोन दुधी, वर टेफ्लॉनचं झाकण. ब्रँडेड सेलपेक्षा बरीच स्वस्त. सोलापुरात केगावच्या विद्यापीठात किंवा शहरातल्या कॉलेजांत नॅनोकणांवर एमएस्सीचं प्रोजेक्ट करणाऱ्याला यूव्ही-व्हिजपुरती (अतिनील आणि दृश्य प्रकाशाचं शोषण मोजण्यापुरती) ती बास आहे. पाचपैकी तीन.

पार्सल आलं की आधी तपासा: क्वार्ट्झ आहे की काच? काचेवर ‘क्वार्ट्झ’ छापून विकणारे आहेत आणि नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. बेसलाइन (शून्य पातळी) सेल न ठेवता, हवेवर घ्या, मग रिकामा सेल ठेवून ७०० ते २०० नॅनोमीटर स्कॅन करा. खऱ्या क्वार्ट्झचं शोषण दृश्य भागात ०.०६ च्या आसपास दिसतं. तो दोष नाही, चार पृष्ठभागांवरून होणारं परावर्तन आहे. २२० पर्यंत आलेख फारसा चढत नाही. ३५० च्या खाली कुठेतरी तो ताठ उभा राहिला, तर माल परत करा. चांदीच्या कणांचं शोषणाचं शिखर ४०० च्या आसपास असल्याने काचेतही झकास दिसतं, म्हणून ही फसवणूक खपून जाते. झिंक ऑक्साइडचे कण लहान झाले की त्यांची कड (जिथे शोषण एकदम वाढतं) ३७० वरून खाली सरकते, आणि मग कड कणांची की काचेची हेच कळत नाही.

सांधे वितळवून जोडलेले आहेत की चिकटवलेले, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. चिकटवलेल्या सेलला टोल्युइन, क्लोरोफॉर्म सोसत नाही. धुताना बोअरचं पाणी नकोच, क्षारांचा पांढरा थर बसतो. शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड वॉटरनेच. चिकटलेली चांदी विरळ नायट्रिक आम्लाने निघते, पण आधी ॲसिटोनने धुतलं असेल तर ते पूर्ण उडून गेल्याशिवाय आम्ल ओतू नका, स्फोटक प्रकार आहे. आणि सोलापूरचा मे महिना: झाकण सैल असेल तर क्लोरोफॉर्म उडतो, द्रावण दाट होतं, शोषण आपोआप वाढत जातं. या सेलचं झाकण नुसतं टेकवायचं आहे, घट्ट बसत नाही. एक गुण तिथेच गेला.

दुसरा गुण दुधी बाजूंमुळे. फोटोल्युमिनेसन्समध्ये प्रकाश एका बाजूने आत जातो आणि त्यामुळे नमुन्यातून निघणारा प्रकाश ९० अंशांत मोजला जातो, म्हणून चारही बाजू पारदर्शक लागतात.

जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळवून मुंबईची टीआयएफआर, पुण्याची आयसर किंवा इंदूरचं आरआरकॅट या संशोधन संस्थांत पंप-प्रोब (एका लेसर स्पंदाने नमुना उत्तेजित करून दुसऱ्याने त्यातला बदल मोजणं) करायचं मनात असेल, तर १० मिमी पथ विसरा. पाण्यात ४०० नॅनोमीटरचा पंप ७०० च्या प्रोबपेक्षा हळू चालतो. १० मिमी ओलांडेपर्यंत दोघांत एक पिकोसेकंदाहून (१,००० फेम्टोसेकंदांहून) जास्त अंतर पडतं. १०० फेम्टोसेकंदांचा स्पंद वापरून मग उपयोग काय? १ मिमीत हेच अंतर दहाव्या हिश्श्यावर येतं. तिथे १ किंवा २ मिमीचा सेल घ्या (०.३५ आणि ०.७ मिली) आणि पंपाच्या तरंगलांबीवर शोषण ०.३ ते ०.५ ठेवा. २ मिमीत ०.४ म्हणजे १० मिमीत २, त्यामुळे यूव्ही-व्हिजला जमलेलं नेहमीचं पातळ सॅम्पल तिथे पुरत नाही, दाट करावं लागतं. दाट करताना कण एकत्र गोळा झाले तर शिखर रुंदावतं. म्हणून लेसरआधी आणि लेसरनंतर त्याच पातळ सेलमध्ये यूव्ही-व्हिज घ्या. सेलच्या भिंतीही शून्य वेळेजवळ (पंप आणि प्रोब एकाच क्षणी पोचतात तेव्हा) स्वतःचा संकेत देतात, तेव्हा नुसत्या द्रावकाचा स्कॅन त्याच सेलमध्ये हवाच.

पातळ सेल नेहमीच्या होल्डरमध्ये डुगडुगतो. स्पेसर (मोकळी जागा भरणारा तुकडा) सोबत मागवा.